प्रदेशांची क्रमवारी लावण्याआधी: विकास आणि आरोग्य धोरणासाठी बहुचल संख्याशास्त्र कसं वापरावं

निधी वाटायचा आहे. समोर दीड-दोनशे प्रदेशांचा तक्ता आहे: साक्षरता, नळाचं पाणी, लसीकरण, बालमृत्यू, रोजगार, रस्ते असे चाळीसेक रकाने. वरून विचारणा आली आहे की यातले सर्वांत गरजू वीस प्रदेश कोणते. एकेक रकाना पाहिला तर प्रत्येक वेळी वेगळी वीस नावं पुढे येतात. सगळे रकाने एकत्र पाहायचे म्हटले की बहुचल संख्याशास्त्राकडे वळावं लागतं.

हा लेख अशा तक्त्यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी आहे. सरासरी, प्रमाण विचलन आणि सहसंबंध माहीत आहेत असं धरून चालतो. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो. या पद्धतींतून निघणारा प्रत्येक गुण आणि प्रत्येक क्रमांक आपण वाटेत घेतलेल्या निर्णयांवर उभा असतो. विसाव्या क्रमांकाला निधी मिळतो आणि एकविसाव्याला मिळत नाही, म्हणून ते निर्णय आणि त्यांमुळे निकाल किती हलतो हे निकालासोबतच मांडलं पाहिजे.

आधी निर्णय, मग तंत्र

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी एक वाक्य लिहून काढा: या विश्लेषणावरून कोण, काय ठरवणार आहे? धोरणकर्त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा तीन प्रकारचे असतात. ‘कोणाला आधी द्यायचं’ याला एकत्रित निर्देशांक लागतो, म्हणजे अनेक रकाने मिळून प्रत्येक प्रदेशाला एकच गुण. ‘कोणाला काय द्यायचं’ याला सारख्या गरजांचे गट पाडावे लागतात, म्हणजे क्लस्टर विश्लेषण. ‘कशामुळे असं होतं, काय बदललं तर फरक पडेल’ याला रिग्रेशन (एका रकान्याचं इतर रकान्यांशी असलेलं नातं मोजणारं तंत्र) आणि त्याही पलीकडची अभ्यासरचना लागते. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की घोळ होतो. निर्देशांकात ज्या घटकाला जास्त वजन मिळालं तेच मागासलेपणाचं कारण, असा निष्कर्ष अहवालांत सर्रास काढलेला दिसतो. त्याला काहीही आधार नसतो.

कोणत्या पातळीवर मोजायचं

प्रदेशांची सरासरी म्हणजे माणसांची माहिती नव्हे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हे दाखवलं. राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध सुमारे −०.५३ होता. म्हणजे जिथे स्थलांतरित जास्त, तिथे निरक्षरता कमी. व्यक्तींच्या पातळीवर तोच सहसंबंध सुमारे +०.१२ निघाला. दोन्ही आकडे बरोबर आहेत. स्थलांतरित लोक मुळात जास्त साक्षर असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढाच त्याचा अर्थ.

सीमांचाही प्रश्न आहे. छोटे प्रदेश एकत्र करून मोठे केले की सहसंबंध सहसा वाढतात, हे १९३४ पासून नोंदलेलं आहे. म्हणून निधी ज्या पातळीवर वाटला जाणार त्याच पातळीवर विश्लेषण करा. शक्य असेल तर एक पायरी खाली जाऊनही तेच करून पाहा. मोठ्या प्रदेशाच्या चांगल्या सरासरीखाली एखादा अतिशय वंचित भाग झाकला गेलेला असतो, तो तिथेच सापडतो.

रकाने निवडताना

चाळीस रकाने उपलब्ध आहेत म्हणून चाळीसही घ्यायचे नसतात. साधनं (दवाखाने, कर्मचारी), सेवा (किती बालकांचं लसीकरण झालं) आणि परिणाम (बालमृत्यू, कुपोषण) हे तीन वेगळे कप्पे आहेत. ते एकाच निर्देशांकात ओतले तर दवाखाने बांधूनही मृत्यू कमी न झालेला प्रदेश ‘मध्यम’ म्हणून सुटतो. खरं तर सर्वांत आधी तिथे जाऊन पाहायला हवं. हे कप्पे वेगळे ठेवा.

एकूण संख्या घेऊ नका, दर घ्या. आणि दराचा छेद तपासा. मोठ्या रुग्णालयाच्या प्रदेशात बाहेरचे रुग्ण येतात. मृत्यू घडलेल्या ठिकाणी मोजले तर तोच प्रदेश सर्वांत आजारी दिसतो. मृत्यू राहत्या ठिकाणाप्रमाणे मोजले पाहिजेत. वयाचंही तसंच. वृद्धांचं प्रमाण जास्त असलेल्या प्रदेशाचा ढोबळ मृत्युदर जास्तच असणार. म्हणून वयानुसार प्रमाणित केलेला दर काढा. प्रत्येक वयोगटातला दर एकाच ठरावीक वयरचनेला लावायचा. ती रचना संपूर्ण देशाची घ्या किंवा जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाण लोकसंख्या घ्या.

नोंदणीकडे मात्र थांबून पाहा. जिथे जन्म-मृत्यूची नोंदणीच दुबळी आहे तिथे मृत्यू कमी दिसतात. कर्मचारी मेहनत घेऊन नोंदणी सुधारतात तेव्हा दर वाढलेला दिसतो, आणि कामाची शिक्षा त्यांनाच होते. नोंदणी किती पूर्ण आहे याचा अंदाज असल्याशिवाय मृत्युदराचा रकाना निर्देशांकात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

लहान प्रदेशांचे फसवे आकडे

या पायरीवर सर्वांत जास्त नुकसान होतं आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

समजा, सगळीकडे खरा बालमृत्युदर हजारी ३० इतकाच आहे. एका प्रदेशात वर्षाला २०० जन्म होतात. तिथे अपेक्षित मृत्यू ६. अशा दुर्मीळ घटनांत प्रमाण विचलन अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाएवढं, म्हणजे सुमारे २.४ असतं. त्यामुळे एखाद्या वर्षी १ मृत्यू होईल, एखाद्या वर्षी ११. म्हणजे दर हजारी ५ ते ५५ असा कुठेही दिसेल. दुसऱ्या प्रदेशात २०,००० जन्म होतात. अपेक्षित मृत्यू ६००, विचलन सुमारे २४.५, दर हजारी साधारण २७.५ ते ३२.५ मध्येच राहील. आता क्रमवारी लावा. पहिले आणि शेवटचे क्रमांक लहान प्रदेशांनीच भरतील, आणि त्यात आरोग्याचा काही संबंध नसेल. अमेरिकेतल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या नकाशात हेच दिसलं: सर्वांत कमी दराच्या काउंटी (तिथले जिल्ह्यासारखे विभाग) विरळ वस्तीच्या ग्रामीण होत्या, आणि सर्वांत जास्त दराच्याही तशाच होत्या.

यावर तीन उपाय आहेत. तीन किंवा पाच वर्षांचे आकडे एकत्र करा. शेजारचे लहान प्रदेश जोडा. किंवा दर एकूण सरासरीकडे ओढून घ्या, ज्याला एम्पिरिकल बेज पद्धत म्हणतात. तिचं गणित अवघड नाही. समजा, प्रदेशाप्रदेशांतल्या खऱ्या फरकांवरून असं ठरलं की एकूण सरासरीला ४०० जन्मांएवढं वजन द्यायचं. हजारी ३० दराने ४०० जन्मांत १२ मृत्यू होतात. २०० जन्मांत ११ मृत्यू झालेल्या प्रदेशाचा कच्चा दर ५५. सुधारलेला दर (११ + १२) भागिले (२०० + ४००), म्हणजे सुमारे ३८. तोच ५५ चा दर २०,००० जन्मांच्या प्रदेशात असेल तर सुधारूनही ५४.५ राहतो, कारण तिथे पुरावा भक्कम आहे. शेजारच्या प्रदेशांकडूनही माहिती उसनी घ्यायची असेल तर बेसाग, यॉर्क आणि मोलिए यांचं १९९१ चं अवकाशीय प्रतिमान (प्रदेशांचं शेजारीपण लक्षात घेणारं गणिती मॉडेल) आहे. रोगांच्या नकाशांसाठी ते आजही मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं.

रिकाम्या जागा आणि वेड्यावाकड्या मोजपट्ट्या

रिकाम्या जागा भरायची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे त्या रकान्याची सरासरी टाकणं. कृपया हे करू नका. अहवाल बहुधा तेच प्रदेश पाठवत नाहीत जिथे कर्मचारी कमी आहेत. त्यांना सरासरी दिली की सर्वांत दुबळे प्रदेश कागदावर सर्वसाधारण होतात. त्याऐवजी इतर रकान्यांच्या आधारे अनेक वेळा अंदाज घ्या (मल्टिपल इम्प्युटेशन). वीस वेगळे भरलेले तक्ते तयार होतील, त्या वीसही तक्त्यांवर पुढचं विश्लेषण करा आणि निकालांमधला फरक जपून ठेवा. एखादा रकाना एक तृतीयांशाहून अधिक रिकामा असेल तर मी तो सोडून देतो.

प्रत्येक रकान्याचा आलेख काढा. उत्पन्न, लोकसंख्येची घनता अशा एका बाजूला लांब शेपटी असलेल्या रकान्यांचा लॉगरिदम घ्या. सर्व रकान्यांची दिशा एक करा. जास्त म्हणजे वाईट असं ठरवलं तर साक्षरतेऐवजी निरक्षरता घ्या. मग प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागा, म्हणजे प्रमाणित मूल्य मिळेल. किमान-कमाल पद्धतीने ० ते १ मध्ये बसवणं सोपं वाटतं, पण एका टोकाच्या प्रदेशामुळे बाकी सगळे एका कोपऱ्यात दाबले जातात.

टोकाचे प्रदेश शोधायला प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेलं अंतर उपयोगी पडतं. ते रकान्यांमधले सहसंबंध लक्षात घेतं. त्यामुळे साक्षरता ठीक, उत्पन्न ठीक, पण दोन्हींची जोडी विचित्र, असा प्रदेशही पकडला जातो. तो सापडला की काढून टाकू नका. मूळ नोंदवहीशी ताडून पाहा. कित्येकदा दशांश चिन्ह सरकलेलं असतं.

मुख्य घटक विश्लेषण: काय करतं, काय करत नाही

कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये आणि हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये मांडलेली ही पद्धत, पीसीए, निर्देशांक बनवताना खूप वापरली जाते. पुष्कळ रकान्यांतला एकत्र हलणारा भाग ती थोड्या घटकांत गोळा करते. रकान्यांची वजनं ‘आकड्यांनीच ठरवली’ असं तिच्याबद्दल सांगितलं जातं, आणि ते ऐकायला तटस्थ वाटतं. त्यासाठी चार रकान्यांचं एक उदाहरण हाताने सोडवून पाहू.

समजा शौचालय नसणं, नळाचं पाणी नसणं आणि कच्चं घर या तीन रकान्यांत आपापसांत ०.८ सहसंबंध आहे. चौथा रकाना लसीकरणातली उणीव. त्याचा पहिल्या तिघांशी सहसंबंध शून्य. या सहसंबंधांच्या तक्त्याची आयगेन मूल्यं, म्हणजे प्रत्येक घटक आकड्यांतला किती फरक (विचरण) सांगतो ते, २.६, १, ०.२ आणि ०.२ येतात. पहिला घटक एकूण विचरणाच्या २.६ भागिले ४, म्हणजे ६५ टक्के भाग सांगतो. अहवालात हा आकडा दिमाखात छापला जाईल. पण त्या घटकात लसीकरणाचं वजन किती? शून्य. एखाद्या प्रदेशात एकाही बालकाला लस मिळाली नसली तरी त्याचा गुण तसूभर बदलणार नाही. एकाहून मोठ्या मूल्यांचेच घटक ठेवायचे या कायझर यांच्या १९६० च्या नियमाने तर लसीकरणाचा घटकही बाद होतो, कारण त्याचं मूल्य नेमकं १ आहे.

पीसीए अशी वागते कारण एकमेकांशी जुळणाऱ्या रकान्यांना वजन देणं हेच तिचं काम आहे. माणसांसाठी काय महत्त्वाचं आहे हे तिला विचारलेलंच नसतं. घरांच्या सोयींचे आणखी दोन रकाने घातले तर पहिला घटक आणखी ‘भक्कम’ होईल आणि लसीकरण आणखी दूर ढकललं जाईल.

म्हणून माझी शिफारस अशी. पीसीए तपासणीसाठी जरूर वापरा: कोणते रकाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, कोणता रकाना एकटा उभा आहे, हे ती उत्तम दाखवते. घटकांची संख्या ठरवायला हॉर्न यांचं १९६५ चं समांतर विश्लेषण वापरा. त्यात यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यांतून येणाऱ्या मूल्यांशी आपली मूल्यं ताडून पाहतात. मात्र निर्देशांकाची वजनं उघडपणे ठरवा. वरच्या उदाहरणात आधी तीन सोयींची मिळून एक सरासरी घ्यायची आणि मग ‘निवास’ व ‘आरोग्यसेवा’ यांना समान वजन द्यायचं. त्यावर वाद होऊ शकतो, आणि तो झालाच पाहिजे. तो वाद सभेत, लोकांसमोर होतो. सॉफ्टवेअरच्या आत लपून राहत नाही. पीटर टाउनसेंड यांचा ब्रिटनमधला वंचितता निर्देशांक बेरोजगारी, गाडी नसणं, स्वतःचं घर नसणं आणि दाटी या केवळ चार रकान्यांच्या प्रमाणित मूल्यांची बेरीज आहे. तरीही आरोग्य-विषमतेच्या अभ्यासात तो अनेक दशकं वापरात राहिला.

बेरीज की गुणाकार

एका प्रदेशाचे तीन गुण ०.९, ०.९, ०.३, दुसऱ्याचे तिन्ही ०.७. साधी सरासरी दोघांची ०.७. गुणाकाराचं घनमूळ घेतलं तर पहिल्याचा गुण ०.६२ होतो, दुसऱ्याचा ०.७ च राहतो. साध्या सरासरीत रस्ते चांगले असले की बालमृत्यू माफ होतात. गुणोत्तर सरासरीत तसं सहज होत नाही. मानव विकास निर्देशांक १९९० पासून साध्या सरासरीने काढला जात असे, तो २०१० पासून गुणोत्तर सरासरीने काढला जातो. आरोग्याचा समावेश असेल तर मी दुसरी पद्धत निवडतो. मात्र तिला धन संख्या लागतात. प्रमाणित मूल्यांत ऋण आकडे असतात. त्यांना आधी ठरावीक, अर्थपूर्ण किमान-कमाल मर्यादांमध्ये बसवावं लागतं.

गट पाडणं

सारखाच गुण असलेल्या दोन प्रदेशांपैकी एकाला परिचारिका हव्या असतात, दुसऱ्याला पाण्याची योजना. निर्देशांक हे सांगू शकत नाही, क्लस्टर विश्लेषण सांगतं. वॉर्ड यांच्या १९६३ च्या पद्धतीने झाडासारखी रचना काढा, तिच्यावरून गटांच्या संख्येचा अंदाज घ्या आणि मग के-मीन्स (प्रत्येक प्रदेश सर्वांत जवळच्या गटाच्या केंद्राशी जोडणारी पद्धत) चालवा. के-मीन्सला पाच गट मागितले तर ती पाच गट देतेच, आकड्यांत मुळात गट नसले तरी. म्हणून सिल्हूट मूल्य (प्रदेश इतर गटांपेक्षा आपल्या गटात किती नीट बसतो ते) पाहा, आणि प्रदेशांचे यादृच्छिक नमुने घेऊन विश्लेषण अनेकदा करा. जे प्रदेश दर वेळी गट बदलतात त्यांना ‘सीमेवरचे’ म्हणून वेगळं दाखवा. गटांना नावं देताना ‘मागास’, ‘प्रगत’ असे शिक्के मारू नका. ‘सोयी आहेत, लसीकरण कमी’ असं वर्णन द्या. त्यातूनच काय करायचं ते कळतं.

कारणांकडे जाताना

रिग्रेशनमध्ये परस्परांशी घट्ट जोडलेले रकाने एकत्र घातले की गुणकांची चिन्हंसुद्धा उलटू शकतात, म्हणून व्हीआयएफ (एखादा रकाना इतरांशी किती जोडलेला आहे ते सांगणारा आकडा) तपासा. शेजारचे प्रदेश एकमेकांसारखे असतात, त्यामुळे नेहमीच्या चाचण्यांना खोटा आत्मविश्वास येतो. उरलेल्या त्रुटींवर मोरान यांचा आय गुणक (शेजाऱ्यांमधलं साम्य मोजणारा आकडा) काढा. तो लक्षणीय असेल तर अवकाशीय प्रतिमान वापरा. व्यक्तींची माहिती उपलब्ध असेल तर व्यक्ती आणि प्रदेश या दोन्ही पातळ्या एकत्र धरणारं बहुस्तरीय प्रतिमानच योग्य.

योजनांचं मूल्यमापन करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. यंदा सर्वांत वाईट ठरलेले वीस प्रदेश निवडले आणि काहीच केलं नाही, तरी पुढच्या वर्षी त्यांची सरासरी सुधारते. त्यांच्यापैकी काही जण केवळ वाईट वर्षामुळे तळाला गेलेले असतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलेलं हे सरासरीकडे परतणं आहे. तुलनेसाठी निधी न मिळालेले, पण तितकेच तळाचे प्रदेश हवेतच.

निकाल किती हलतो

आता वाटेतला प्रत्येक निर्णय हलवून पाहा. वजनं पाव भागाने कमी-जास्त करा, एकेक रकाना वगळा, बेरजेऐवजी गुणाकार घ्या, रिकाम्या जागा भरलेले वेगवेगळे तक्ते वापरा. हे सगळं यादृच्छिक पद्धतीने हजारदा चालवा. आर किंवा पायथन या संगणकीय भाषांमध्ये त्याला थोड्याच ओळी लागतात. प्रत्येक प्रदेश त्या हजारांपैकी किती वेळा तळाच्या विसांत येतो ते मोजा. ९०० हून अधिक वेळा येणारे निःसंशय पात्र. १०० हून कमी वेळा येणारे बाहेर. मधल्यांबाबत आकडेशास्त्राने निर्णय देऊ नये. तिथे प्रत्यक्ष पाहणी करावी, स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांशी बोलावं, किंवा त्या सगळ्यांना थोडा थोडा निधी द्यावा. मर्यादारेषेवर एकदम सगळं किंवा काहीच नाही, अशी वाटपाची पद्धतच बदलावी, असंही सुचवायला कचरू नका.

धोरणकर्त्यांपुढे जाताना पहिल्या पानावर ही तीन गटांची यादी ठेवा, क्रमांक नकोत. शेजारी नकाशा. त्याखाली वजनं कोणी आणि का ठरवली हे दोन वाक्यांत. पीसीएचे तक्ते परिशिष्टात जाऊ द्या. प्रत्येक प्रदेशासाठी अर्ध्या पानाची नोंद करा: कोणत्या रकान्यामुळे तो खाली आला, तो आकडा कुठून आला, किती जुना आहे. त्या प्रदेशातल्या अधिकाऱ्यांना प्रकाशनाआधी ती नोंद पाठवून दुरुस्तीसाठी मुदत द्या. चुकलेले आकडे त्यांनाच आधी दिसतात.

पुढच्या वर्षी हेच काम पुन्हा करायचं असेल तर पहिल्या वर्षाची सरासरी, प्रमाण विचलन, मर्यादा आणि वजनं फाइलमध्ये गोठवून ठेवा. दर वर्षी नव्याने प्रमाणित केलं तर सर्व प्रदेशांची सरासरी दर वर्षी शून्यच येते. सगळीकडे बालमृत्यू निम्मे झाले तरी निर्देशांकात काहीच दिसत नाही. आधारवर्षाचे आकडे कायम ठेवले तर ती सुधारणा दिसते, आणि मागे राहिलेले प्रदेशही दिसतात.